गोळी उलटी धरणारा माणूस

कुणी हातात गोळी दिली की ते ती आधी उलटी करायचे. टोक खाली, बूड वर. मग गळ्यात काळ्या दोरीने अडकवलेलं भिंग डोळ्याला लावून श्वास रोखायचे. बघून झालं की एकच शब्द. "पास." किंवा "नापास." 'बरी आहे', 'चालेल' असले शब्द त्यांच्याकडे नव्हतेच.

ही गोळी बंदुकीची. लंडनच्या हाउन्सलोपासून बसने चाळीस मिनिटांवर, रेतीच्या एका बंद पडलेल्या खाणीत आमचा नेमबाजीचा क्लब आहे. डोक्यावरून सारखी विमानं जातात. या देशात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगायची बंदी, तेव्हा आमचे लोक पिस्तुलाची काडतुसं छोट्या रायफलीतून झाडतात आणि पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोकं पाडून खूश होतात. मी तिथे कशी, हे मला इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात विचारलं जातं. ऑफिसातल्या मैत्रिणीने एका रविवारी नेलं. माझा नेम बरा लागला, पण तिथली हजेरीची वही बघून माझं डोकं फिरलं. दोन महिन्यांत मी सेक्रेटरी झाले. आता तिथे कुलपांची यादी आहे, किल्ल्यांची यादी आहे आणि कोणती यादी कोणत्या फाइलीत आहे याचीही यादी आहे.

क्लबातले लोक त्यांना 'मिस्टर इन्स्पेक्टर' म्हणत. पोलीस खात्याशी संबंध नव्हता. पुण्याजवळच्या दारूगोळ्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं माल तपासला होता. निवृत्त झाल्यावर हाउन्सलोला मोठ्या मुलीकडे आले. हल्ली ते मँचेस्टरला धाकट्या मुलीकडे असतात. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला 'सेक्रेटरीबाई' म्हणायचे, आणि ही हाक ऐकली की माझ्या नकळत माझी पाठ ताठ व्हायची.

त्यांच्या खिशात लाल पेन्सिल असायची आणि तिने ते दिसेल त्यावर तारीख घालायचे. काडतुसांच्या खोक्यावर, ते ठीकच. पण छत्रीच्या मुठीवर? सँडविचच्या फॉइलवर? एकदा मुलगी त्यांना सोडायला आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, बाबांनी फ्रिजमधल्या सगळ्या अंड्यांवर तारीख लिहिलीय. छापलेली असते हो त्यावर आधीच!"

काकांनी गाडीतूनच ऐकलं. "छापणाऱ्याला कुणी तपासलं?" ते म्हणाले.

मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी मोठा डबा भरून चकल्या केल्या होत्या. काकांनी डब्याच्या चार कोपऱ्यांतून चार आणि मधोमधची एक अशा पाच चकल्या उचलल्या, पेपर प्लेटवर ओळीने मांडल्या, मोडल्या, आतली जाळी भिंगातून बघितली. रांगेत मागे वीसेक माणसं उभी.

"घाणे दोन झालेत," ते म्हणाले. "दुसऱ्याला तेल नीट तापलं नव्हतं. दुसरा घाणा नापास."

"काका, खायच्या आहेत हो," त्या बाई म्हणाल्या. "झाडायच्या नाहीत."

सगळा हॉल हसला. काकाही हसले, पण नापास ते नापासच. घरी जाताना त्या बाईंनी मला हळूच विचारलं, "दुसऱ्या घाण्याच्या वेळी फोन आला होता माझा. यांना कसं कळलं?" पुढच्या वर्षी त्यांनी काकांना कढईशेजारीच खुर्ची टाकून दिली.

घरी त्यांना काही कमी नव्हतं. मुलगी-जावई प्रेमाने करत, नातवंडं त्यांच्या मांडीवर बसून इंग्रजीत भांडत. पण एकदा बसथांब्यावर ते मला म्हणाले, "सेक्रेटरीबाई, सहा दिवस मला विचारतात, चहा हवा का, पंखा हवा का, टीव्ही लावू का. रविवारी एवढंच विचारतात की हे बरोबर आहे का." बस आली म्हणून बोलणं तिथेच थांबलं. मी ते माझ्या डायरीत, किराण्याच्या यादीखाली, लिहून ठेवलं.

आमच्या चेअरमनशी त्यांची मजेशीर दोस्ती होती. चेअरमन म्हणजे निवृत्त प्लंबर, उंच, लालबुंद, जपून बोलणारा माणूस. तो एका महागड्या कंपनीची काडतुसं वापरायचा आणि दुसऱ्यांनी स्वस्तातली आणली की नाक मुरडायचा. काकांनी त्याला एक शब्दही न बोलता तीन कंपन्यांची तीन खोकी मागवली. तिन्ही तांब्याचं पूर्ण कवच असलेली, म्हणजे ज्याला फुल मेटल जॅकेट म्हणतात ती. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, प्रत्येक खोक्यातली दहा-दहा, वाऱ्याची नोंद करत, दोन शॉटांमध्ये घड्याळ बघत. मग कागद खाली काढून पट्टीने भोकांमधलं अंतर मोजलं. चेअरमनचं महागडं खोकं तिसरं आलं. तिन्हींत.

"रायफल तापली असेल," चेअरमन म्हणाला.

"तुमचं खोकं मी पहिलं घेतलं होतं," काका म्हणाले.

चेअरमनने तो कागद घडी करून खिशात टाकला. पुढच्या रविवारी तो मधल्या किमतीचं खोकं घेऊन आला आणि झाडण्याआधी काकांपुढे हात पसरून उभा राहिला. काकांनी एकेक उचलून बघितली. तेव्हापासून ती पद्धतच पडली. दहाला रेंज उघडायची, आणि पावणेदहापासून काकांच्या बाकापुढे दोन-चार माणसं हातात खोकी घेऊन उभी.

आता त्या पाटीची गोष्ट.

एका वसंतात क्लबात नवा मेंबर आला. मूळचा नागपूरचा, इल्फर्डला राहणारा, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा. मुलगा चांगला, पण त्याने व्हिडिओ फार बघितले होते. पहिल्याच दिवशी तो काकांना म्हणाला, "काका, इथे सगळे जॅकेटवालीच वापरतात. काहून? पोकळ टोकाची जास्त अ‍ॅक्युरेट असते. सगळे सांगतात."

"बरोबर सांगतात," काका म्हणाले.

त्याला वाद अपेक्षित होता. तो थोडा हिरमुसला.

"पण का?" काकांनी विचारलं.

"टोकामुळे. पोकळ असतं ना. हवा..."

"हवेचा काही संबंध नाही. बसा."

मग त्यांनी लाल पेन्सिलने माझ्या हजेरीच्या कागदामागे चित्र काढलं. पूर्ण कवचाची गोळी करताना तांब्याची छोटी वाटी घेतात, तिचा बंद भाग टोकाकडे येतो आणि शिसं मागून भरतात. म्हणजे बूड उघडं राहतं, कड दुमडून बंद करावी लागते, आणि ती दुमड कधी जाड, कधी पातळ. पोकळ टोकाच्या गोळीत तीच वाटी उलटी. बंद भाग बुडाला, तोंड पुढे. बूड एकसंध, सपाट. नळीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडतं ते बूड, आणि मागून गरम वायू ढकलत असतो. बूड एका बाजूने जरा जरी वाकडं असलं तरी वायू तिकडून आधी निसटतो आणि गोळी डुलते. "कागदाला गोळीच्या टोकाशी काही देणंघेणं नाही," काका म्हणाले. "ते पोकळ टोक पसरण्यासाठी आहे, ते वेगळं काम. आपण फक्त नेमाचं बोलतोय. मी दोन वर्षं दोन्हींची तुलना केली आहे. चांगलं बूड असलेली जॅकेटवाली गोळी त्या दुसरीच्या अगदी जवळ येते. म्हणून मी उलटी धरतो."

नागपूरकराने चित्र बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "काका, राग मानू नका. व्हिडिओत तर वेगळंच सांगतात. चित्र कोणीही काढू शकते."

मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. रागावले नाहीत. पेन्सिल खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी स्वतः एकही काडतूस झाडलं नाही.

पुढच्या रविवारी ते पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक पाटी घेऊन आले. शिसवी लाकडाची, वहीएवढी. तिच्यावर पाच गोळ्या बसवलेल्या. दारू नाही, पुंगळी नाही, नुसत्या गोळ्या, उभ्या मधोमध कापलेल्या. आतलं शिसं, बाहेरचं कवच, सगळं पॉलिश करून काचेसारखं. तीन पूर्ण कवचाच्या, दोन पोकळ टोकाच्या. मागच्या बाजूला विभागातल्या सतरा जणांची नावं कोरलेली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी स्वतः कापून, घासून दिलेली भेट.

नागपूरकराने बघितलं. बोटाने बूड चाचपलं. "मानलं काका," तो म्हणाला. "आपण चुकलो." चेअरमन वाकून बघत होता. पाच मिनिटांत अख्खा क्लब त्या बाकाभोवती. काका एकेका गोळीवर पेन्सिल टेकवत बोलत होते. इंग्रजी त्यांचं साधं होतं, पण त्या सकाळी एकदाही अडलं नाही.

मी मात्र त्या दोन पोकळ टोकांकडे बघत होते. क्लबात येणाऱ्या प्रत्येकाकडून मी एका कागदावर सही घेते. त्यात काय काय जवळ ठेवायचं नाही ते लिहिलेलं आहे, आणि चौथ्या ओळीत आहे की पिस्तुलासाठी बनवलेली, आदळल्यावर पसरणारी गोळी खास परवानगीशिवाय बाळगता येत नाही. नुसती गोळी असली तरी. कापलेल्या अर्ध्या गोळीचं काय, हे त्यात नव्हतं. पण ते ठरवणं माझं काम नव्हतं, चेअरमनचंही नव्हतं. चेअरमनने माझ्याकडे बघितलं. त्यालाही तेच आठवलं होतं.

"खाणीतल्या तळ्यात फेकून दे म्हणावं," तो मला बाजूला घेऊन पुटपुटला. "मी काही बघितलं नाही."

काकांनी ऐकलं. "नमुना असा फेकत नाहीत," ते म्हणाले. "नोंद करायची, मग पुढचं. सेक्रेटरीबाई, फोन लावा."

फोन मीच लावला. क्लबच्या नियमाप्रमाणे लावावाच लागला असता, आणि तरी मी नंबर दोनदा अर्धवट लावून ठेवून दिला होता, हे मी आज कबूल करते. दोन दिवसांनी पोलिसांच्या शस्त्र परवाना विभागातली एक बाई काकांच्या घरी आली. मी शेजारी बसले होते. तिने पाटी हातात घेतली आणि विचारलं, "हे नक्की काय आहे?" काकांनी तिला पाऊण तास सांगितलं. तिने टिपणं काढली. दोन पोकळ टोकं पाटीवरून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पावती दिली. काकांनी पावतीवरची तारीख तपासली. महिन्याभराने पत्र आलं: कारवाई नाही, लेखी समज.

पण क्लबचं आमचं वेगळं. निर्णय होईपर्यंत काकांचे रविवार बंद होते. आमचा नियम सरळ होता. बंदी असलेली वस्तू नकळत जवळ ठेवली असेल तर ताकीद. माहीत असून ठेवली असेल तर मेंबरशिप रद्द. त्यामुळे कमिटीपुढे प्रश्न एकच होता: काकांना माहीत होतं का?

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला. "काका, एक वाक्य म्हणायचंय फक्त. माहीत नव्हतं. त्यापुढे काही बोलू नका."

"बघू," ते म्हणाले.

क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही पाच जण आणि काका. कमिटीतले दोघे सुट्टीवर होते, ते मीटिंगचे मिनिट्स वाचून ईमेलने मत कळवणार होते. चेअरमनने उत्तर जवळजवळ तोंडात घालूनच विचारलं, "तर मिस्टर इन्स्पेक्टर, त्या दोन नमुन्यांना हा नियम लागू होतो याची तुम्हाला कल्पना नव्हती, असंच ना?"

काका म्हणाले, "सहीचा कागद मी घरी नेऊन वाचला होता."

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. चेअरमनने ते जाईपर्यंत वाट बघितली आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. "ठीक आहे," तो म्हणाला, "सेक्रेटरी मिनिट्स लिहितील," आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. बाकीचे तिघे टेबलाकडे बघत होते. कुणालाच त्यांना घालवायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मिनिट्स लिहिले. इतक्या वर्षांत मी कधी स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. त्या दिवशी लिहिलं: 'सदस्याने नियमावली वाचली होती, परंतु नमुन्यांना ती लागू होते याची त्यांना बहुधा कल्पना नसावी.' तीनदा वाचलं. खोटं म्हणता येणार नाही असं वाक्य होतं. दोघं सुट्टीवाले हे वाचून ताकिदीला होकार देणार, ताकीद जाणार, रविवार परत सुरू. कमिटीला पाठवण्याआधी मिनिट्स संबंधित सदस्याला दाखवायचे असतात, म्हणून काकांना पाठवले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर काका. ओला रेनकोट, हातात प्रिंट काढलेला कागद. माझ्या वाक्यातल्या 'बहुधा' आणि 'नसावी' या शब्दांखाली लाल रेघा.

"या ना काका, आत या. चहा टाकते."

"आधी काम," ते पायपुसण्यावर उभे राहून म्हणाले. बूट पायात तसेच. "हे वाक्य नापास आहे."

"काका, तुम्ही 'माहीत होतं' असं म्हणालात कुठे? मी तुमच्या तोंडचं वाक्य बदललेलं नाही."

"विमान गेलं. मग कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सही केली त्या रात्री मी पाटी पलंगाखाली सरकवली. सहा वर्षं तिथे होती. ती दोन काढली तर पाटीवर दोन भोकं राहतात, सेक्रेटरीबाई. मागे सतरा नावं आहेत. त्यातले आता चार जण उरलेत."

"मग बाहेर काढलीतच कशाला?"

ते जरासे ओशाळले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "त्या मुलाने चित्रावर विश्वास ठेवला नाही ना," ते म्हणाले. "मोह झाला."

मी दारात उभी राहून त्यांना सगळं समजावलं. चेअरमनला काय हवंय, उरलेल्या तिघांना काय हवंय, दोन मतं कशी पडतील. हे वाक्य तसंच गेलं तर ते उद्या पावणेदहाला बाकावर असतील. बदललं तर मेंबरशिप रद्द, आणि अपिलाची सोय नाही. तो नियम मीच टाइप केला होता. "काका, कुणाचंही नुकसान नाही यात. एका शब्दाचा प्रश्न आहे."

"तुमच्या वहीत आजवर एक तरी खोटी नोंद आहे?"

"नाही."

"मग माझ्या नावाने पहिली नको."

मी लॅपटॉप आणून दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवला. वाक्य खोडलं. 'सदस्यांना नियम माहीत होता, असे त्यांनी स्वतः सांगितले.' त्यांनी भिंग काढून स्क्रीनवर धरलं, ओठ हलवत वाचलं.

"तारीख?"

तारीख घातली.

"आता पाठवा."

"काका, अजून दोन दिवस थांबू. सोमवारी पाठवते."

"मी उभा आहे तोवर पाठवा."

मी सेंड दाबलं. मेल गेल्याचा तो बारीकसा आवाज आला. ते अजून क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिले, पाठवलेल्यांच्या यादीत ते दिसेपर्यंत. मग त्यांनी एक हात भिंतीला टेकवला, सावकाश वाकून नाड्या सोडल्या, बूट काढून जोडीने भिंतीशी लावले आणि आत आले.

"आता टाका चहा," ते म्हणाले.